मुक्कामाला या!

गेली तीन-चार वर्षं एक वाक्य वरचेवर कानावर पडतंय. "एसटी फुकट केली आणि सगळे म्हातारे गावोगाव हिंडायला लागले." कधी ते लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, कधी एसटीत उभं राहावं लागलेल्या कॉलेजच्या मुलाच्या तोंडून, तर कधी आपल्याच नात्यातला कुणी ते हसऱ्या चेहऱ्यांसकट फॉरवर्ड करतो. विनोद म्हणून ठीक आहे. पण मला विचाराल तर, हो, लागलोय आम्ही हिंडायला. आणि अजून हिंडायला हवं!

आधी हिशेब सांगते, म्हणजे गैरसमज नको. ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट होतंच, आणि मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं झालं. आमचे हे 77 वर्षांचे, मी 71 ची. म्हणजे आमच्या जोडीला मिळून अर्धं तिकीट! कंडक्टर ह्यांच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट ठेवतो, आणि हे ते घडी घालून पाकिटात जपून ठेवतात. कशासाठी ते विचारू नका. रेल्वेची तऱ्हा उलटी. तिथे पुरुषांना साठीनंतर 40 टक्के आणि बायकांना 58 नंतर 50 टक्के सवलत असायची, ती मार्च 2020 मध्ये करोनाच्या वेळी थांबवली. तेव्हापासून आम्ही पक्के एसटीवाले झालो. तसंही साताऱ्याचं रेल्वे स्टेशन माहुलीला, गावापासून लांब. एसटी कशी गावातच सोडते.

तर आमचा ठरलेला मार्ग म्हणजे पुणे, सातारा, सांगली. साताऱ्याला माझी मोठी नणंद, सांगलीला मावसभाऊ आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण. वर्षातून दोनदा, आणि जमलं तर तिसऱ्यांदाही. कारण काही नाही. लग्न नाही, मुंज नाही, कुणाचं दिवसकार्यही नाही. नुसतं जायचं, आणि मुख्य म्हणजे रात्री राहायचं.

माझा सगळा मुद्दा ह्या राहण्याचा आहे.

आजकाल नातेवाईक भेटतात कुठे? कार्यालयात. हातात ताट, मागे बँडचा गोंगाट, समोरचा विचारतो, "काय, बरंय ना?" आपण म्हणतो, "हो, बरंय. तुमचं?" तेवढ्यात कुणीतरी फोटोला ओढून नेतं. झाली भेट. फोनवर तर रोजच भेटतो म्हणे! सकाळी सूर्य आणि गुलाबाचं फूल येतं, आपण उलट हात जोडायचे. ह्यातून माणूस जिवंत आहे एवढंच कळतं, तो कसा आहे ते नाही कळत. ते रात्री कळतं. जेवणं आटोपल्यावर, भांडी झाल्यावर, दिवा बारीक करून अंथरुणावर पडल्या पडल्या जे बोलणं सुरू होतं ना, ते दुपारी चार ते सहाच्या भेटीत कधीच निघत नाही.

वन्संचंच सांगते. वय 82, मंगळवार पेठेत एकट्या राहतात. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. फोनवर कधीही विचारा, "मी अगदी मजेत! तुम्ही आपापली काळजी घ्या." आवाज खणखणीत. मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही गेलो. गॅलरीतून अजिंक्यतारा हिरवागार दिसत होता, वन्संनी आल्या आल्या कंदी पेढ्यांचा पुडा पुढे केला, सगळं नेहमीसारखं. रात्री साडेनऊला त्यांनी रक्तदाबाची गोळी घेतली. सव्वादहाला बोलता बोलता उठल्या आणि पुन्हा तीच गोळी काढली. ह्यांनी हात धरला. "अगं ताई, आत्ताच घेतलीस की!" "छे रे, कधी?" म्हणाल्या, आणि मग आम्हा दोघांकडे अशा बघायला लागल्या की मला काही सुचेना. मी म्हटलं, "वन्सं, चला, दूध गरम करते." दूध पिता पिता मग हळूहळू निघालं. दोन महिने असं होतंय. गॅसवर ठेवलेलं विसरतं. वाण्याला पैसे दोनदा दिले गेले. "मुलाला सांगू नका हं, तो मला इथून उचलून नेईल."

दुसऱ्या दिवशी हे राजवाड्यापाशी जाऊन वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी घेऊन आले. मुलाला सांगितलंच, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण त्याला असंही सांगितलं की लगेच घर बंद करू नकोस. आता सकाळ-संध्याकाळ एक बाई येते, गोळी समोर घ्यायला लावते. भाचा महिन्यातून दोन रात्री येऊन राहतो. वन्सं अजून आपल्या घरात आहेत. हे फोनवर कळलं असतं? व्हिडिओ कॉलवर तर त्या पावडर लावून बसतात!

ह्यांचं मत थोडं वेगळं आहे, तेही सांगायला हवं. ह्यांचं म्हणणं, लोकांना त्रास कशाला, लॉजवर उतरू, दिवसभर भेटू, रात्री आपले आपण. "पूर्वीचे वाडे राहिले नाहीत. वन बेडरूममध्ये आपण दोघं म्हणजे सगळ्यांची पंचाईत. सुना नोकरी करतात, सकाळी सातला त्यांना बाहेर पडायचं असतं." यातलं काही खोटं नाही. माझ्या मैत्रिणीची सून बँकेत आहे, सकाळी तिची कशी धावपळ होते ते मी पाहिलंय. म्हणून आठ दिवस आधी विचारूनच जायचं, परीक्षांचा काळ टाळायचा, दोन रात्रींच्या वर थांबायचं नाही. आपल्या चादरी, आपली औषधं, आपला टॉवेल बरोबर. आणि "आम्हाला सकाळी सहाला चहा लागतो" हे वाक्य घरीच ठेवून यायचं. चहा मीच करते, सुनेलाही देते. पहिल्या वेळी ती अवघडली होती. आता म्हणते, "काकू, तुम्ही आलात की मला आयता चहा मिळतो." पण लॉज? ज्या घरी मी परकरात वावरले त्या घराच्या गावात जाऊन लॉजवर झोपायचं, हे मला काही पटत नाही. आमचा हा वाद कराडपासून पेठ नाक्यापर्यंत चालतो, आणि इस्लामपूर (आता ईश्वरपूर) आलं की हे डुलकी काढतात, म्हणजे मी जिंकते.

ह्या प्रवासात एक गंमत मला नेहमी वाटते. कृष्णा आमच्या बरोबर असते. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना, आणि सांगलीपाशी हरिपूरला वारणा. नदीही अशी नातेवाइकांना भेटत भेटतच पुढे जाते म्हणा ना!

पण सांगलीच्या माणसासमोर कृष्णेचं कौतुक जपून करावं. मावसभावाचं घर गावभागात. ऑगस्ट 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथे 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, म्हणजे विचार करा. 1929 सालचा तो पूल. पावसाळ्यात सगळ्या सांगलीचं लक्ष त्याच्यावरच्या आकड्याकडे असतं. आम्ही पुण्यात टीव्हीसमोर बसून होतो. फोन लागला तेव्हा भाऊ म्हणाला, "थोडं पाणी आलं होतं, उतरलं. आम्ही माधवनगरला लेकीकडे आहोत, मजेत आहोत." पुन्हा तेच, मजेत!

दिवाळीनंतर जाऊन राहिलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ होती. त्याखाली 2005 ची जुनी रेघ भावाने पेन्सिलने जपून ठेवलेली. दिवसभर तो हसतखेळत होता, भडंग झालं, गणपतीच्या देवळात जाऊन आलो. रात्री ओसरीवर गाद्या घातल्या तेव्हा एकदम म्हणाला, "आक्का, अल्बम गेले सगळे. आईचा फोटो गेला." माझी आई आणि मावशी, दोघी नऊवारीत, लग्नाआधीचा एकुलता एक फोटो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, भांडी गेली, गाद्या गेल्या, फ्रीज गेला, त्याबद्दल अवाक्षर नाही. फोटोसाठी अंधारात रडला. आणि त्याला माहीतच नव्हतं की त्याची दुसरी प्रत माझ्या आईच्या ट्रंकेत होती! माझ्याकडे! आईने ती कधी करून घेतली कोण जाणे. पुढच्या खेपेला मोठा करून, फ्रेम करून नेला. 2021 च्या पुरात पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा त्याने सगळ्यात आधी तो फोटो माळ्यावर चढवला. हे वहिनीने सांगितलं, अर्थात रात्रीच.

तेव्हा एसटीत जागा अडवून बसलेले म्हातारे दिसले की एवढंच लक्षात घ्या, त्यांच्यातले सगळेच देवदर्शनाला निघालेले नसतात. कुणी असाच बहिणीची गोळ्यांची डबी बघायला निघालेला असतो. सरकारचे पैसे वाया जातात का, एसटी तोट्यात आहे का, हे हिशेब जाणकारांनी करावेत. मी माझा सांगितला.

राहता राहिला गुडघा. एसटीची पहिली पायरी फार उंच असते हो! मागच्या खेपेला ह्यांना कंडक्टरने वर ओढून घेतलं, मला मागून एका कॉलेजच्या पोरीने ढकललं. किती खेपा शिल्लक आहेत हे दोघांनाही माहीत नाही, आणि त्यावर आम्ही बोलतही नाही. संक्रांतीनंतरचं मात्र ठरलंय. वन्संना डिंकाचे लाडू हवे आहेत, सांगलीच्या वहिनीने कुकरची रिंग आणायला सांगितली आहे, कुठल्या मापाची ते मात्र सांगितलं नाही. आज रात्री फोन करून विचारते.