गॅदरिंगपुरतं नाटक

डिसेंबर आला की आमच्या सोलापुरात शाळाशाळांतून एकच गडबड सुरू होते. गॅदरिंग! भाड्याने ड्रेस देणाऱ्यांना जेवायला फुरसत नसते आणि शेजारच्या घरातून एकाच गाण्याचा ठेका दिवसभर ऐकू येतो. नाटुकलं बसवायचं तेही याच पंधरा दिवसांत. बाई वर्गात येऊन विचारतात, ''कोण कोण काम करणार?'' दरवर्षी तेच चार हात वर जातात आणि त्यांनाच कामं मिळतात. उरलेली मुलं झाड होतात, सैनिक होतात, नाही तर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात. गॅदरिंग संपलं की दाढीमिशा पेटीत आणि नाटक शाळेबाहेर, ते थेट पुढच्या डिसेंबरपर्यंत.

मैत्रिणींनो, आज मला या उरलेल्या मुलांविषयी बोलायचं आहे.

विडी कामगारांच्या वस्तीत आम्ही काही जणी मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. येणाऱ्या बहुतेक मुलींच्या आया विड्या वळतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि हिंदी. त्यातली आठवीची एक मुलगी वर्षभर येत होती, पण तिचा आवाज मी ऐकला नव्हता. काही विचारलं की मान खाली. ''ढ आहे हो ती,'' असं तिची आईच सांगायची. वही पाहावी तर अक्षर सुरेख आणि गणितं बरोबर!

एकदा विषय निघाला १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉचा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. आपण ज्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं पाहतो, ते त्यांच्याच स्मरणाचं. मुलांना सभागृह माहीत होतं, माणसं नव्हती. वाचून कंटाळलेला एक जण म्हणाला, ''करून बघू या का मॅडम?'' लेखी संवाद नव्हते, पडदा नव्हता. एक खोली, दोन ओढण्या आणि एक मोडकी खुर्ची. या मुलीला काम दिलं गिरणीतून न परतलेल्या नवऱ्याला शोधणाऱ्या बाईचं. वाक्य एकच होतं. ती उभी राहिली, बराच वेळ गप्प राहिली आणि मग अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत विचारत सुटली, माझा माणूस कुणी पाहिला का? एकही मूल हसलं नाही. मी तर डोळे पुसत होते.

पुढची गोष्ट महिन्याभरानंतरची. आईबरोबर ती वळलेल्या विड्या द्यायला गेली होती. मोजताना खराब म्हणून बऱ्याच विड्या बाजूला काढल्या. आई नेहमीसारखी गप्प. मुलीने विचारलं, ''यात खराब काय आहे ते दाखवता का?'' धड उत्तर मिळालं नाही, पण त्या दिवशी बाजूला काढलेल्या विड्या पुन्हा मोजल्या गेल्या. हे सांगताना आईच्या चेहऱ्यावर राग होता की अभिमान, मला अजून कळलेलं नाही!

नाटकाने जादू केली असं मी म्हणणार नाही. ती आजही वर्गात फार बोलत नाही. पण दुसऱ्या बाईच्या तोंडून एकदा बोलून पाहिल्यावर स्वतःच्या तोंडून बोलणं तिला थोडं सोपं गेलं, एवढं नक्की. हे पंधरा दिवसांच्या गॅदरिंगमध्ये होत नाही. त्यासाठी आठवड्याला एक तास हवा, वर्षभर हवा आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला हवा.

या तासाला शिकवायचं काय? श्वास कुठे घ्यायचा, शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा, समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत कसं थांबायचं. ज्याला उभं राहायचं नाही त्याने कपडे शिवावेत, प्रकाशयोजना सांभाळावी, खर्चाचा हिशेब लिहावा. तेही नाटकच. इंग्लंडमध्ये साधारण सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेला मुलं 'ड्रामा' हा विषय घेऊ शकतात. स्वतः रचलेला प्रयोग, तो कसा घडला याची नोंद, पाहिलेल्या नाटकावरचं लेखी उत्तर, या सगळ्याला गुण असतात. इतक्या लांब कशाला, शेजारच्या गोव्यात कला अकादमीत नाट्यशिक्षण घेतलेली मंडळी शाळांमधून नाट्यशिक्षक म्हणून काम करतात.

आपल्याकडे कागदावर काहीच नाही असं नाही. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचं असावं असं म्हटलं होतं. २०२३ च्या आराखड्यातही कलाशिक्षणाला स्वतंत्र जागा आहे आणि त्यात नाट्य येतं. पण नाटकाची खरी भेट होते ती अकरावीच्या मराठी पुस्तकात. 'हसवाफसवी', 'ध्यानीमनी' आणि 'सुंदर मी होणार' यांतले उतारे २०१९ च्या युवकभारतीत घेतले, ही आनंदाचीच गोष्ट. पण ते बाकावर बसून वाचायचे आणि प्रश्नांची उत्तरं लिहायची! शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेसाठी दहावीला वाढीव गुण देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१७ मध्ये घेतला. चांगलंच झालं. पण ज्यांच्या आईबापांना क्लासची फी परवडते, त्यांनाच त्याचा जास्त फायदा. माझ्या अभ्यासिकेतल्या मुलींनी कुठे जायचं?

आता थोडं स्वतःबद्दल. माझी लेक नववीत असताना तिला शाळेच्या नाटकात मुख्य काम मिळालं होतं. 'पुढच्या वर्षी दहावी आहे' म्हणून मीच शाळेत जाऊन तिचं नाव काढून आणलं. मी कलाशाखेची पदवीधर, व्यासपीठावरून भाषणं करणारी, आणि घरात मात्र हे शहाणपण! लेकीला दहावीला उत्तम मार्क पडले. आज ती पुण्यात नोकरी करते. मध्यंतरी फोनवर म्हणाली, ''आई, मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की अजून पोटात गोळा येतो गं.'' मी काय बोलणार? विषय बदलला.

तुम्ही म्हणाल, शिक्षक कुठून आणायचे? पुण्याच्या ललित कला केंद्रासारख्या ठिकाणी नाटकाचं पदवी शिक्षण मिळतं, तिथून शिकून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. त्यांना शाळेत पद नाही, ही खरी अडचण. दुसरी शंका मलाही छळते. नाटकाला मार्क लागले की त्याचं गाईड निघेल, क्लासेस निघतील आणि भित्रं मूल तिथेही नापास होईल. म्हणून माझं मत असं की आठवी-नववीपर्यंत फक्त श्रेणी असावी आणि दहावीला ज्याला हवं त्याने गुणांचा विषय घ्यावा.

फैयाज या आपल्या सोलापूरच्या. अतुल कुलकर्णींनी इथल्याच हौशी रंगभूमीवरून सुरुवात केली. २०२४ च्या जानेवारीत शंभराव्या नाट्यसंमेलनाचा विभागीय सोहळा इथे झाला, तेव्हा आपण मिरवलो. ते करायलाच हवं. पण मोठे कलाकार त्यांची वाट काढतातच. माझी काळजी मोजताना गप्प राहणाऱ्या मुलींची आहे.

येत्या पालकसभेत फी आणि गणवेशाचं बोलून झालं की एक प्रश्न विचाराल? ''आमच्या मुलांना आठवड्यातून एक तास नाटकाचा मिळेल का?'' सगळ्यांसमोर उभं राहून विचारायची भीती वाटेल. वाटू दे. आपल्यालाही शाळेत तो तास कुठे मिळाला होता!