जर्मनीस निघण्यापूर्वीं

उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांची इंग्रजीवर भारी भिस्त असते. शिवाय खिशांतील फोन भाषांतर करून देतो. मग जर्मन शिकण्याची यातायात कशाला, असें पालक विचारितात. आमचें मत निराळें आहे. व्याख्यानें इंग्रजींत मिळतील. पण पावाच्या दुकानांतील रांग कोणाच्या फोनसाठीं थांबत नाहीं.

आरंभ घड्याळापासून करावा. 'हाल्ब द्राय' याचा शब्दशः अर्थ 'अर्धे तीन'. इंग्रजी वळणाचा मनुष्य त्यास साडेतीन समजतो, आणि अडीचच्या चहास तासभर उशिरा जाऊन यजमानांची मर्जी गमावितो. वास्तविक आपला 'अडीच' हा शब्दही संस्कृत 'अर्धतृतीय' यापासून निघाला आहे. दोन पुरे, तिसरा अर्धा, हाच दोहोंचा हिशेब! तसेंच 21 या अंकास ते 'एक आणि वीस' म्हणतात. आपणही एकवीसच म्हणतों. मराठी मुलानें हें इंग्रजीच्या चष्म्यांतून शिकावें, याचें आम्हांस नवल वाटतें.

तीच गोष्ट संबोधनाची. 'झी' म्हणजे आपण, 'दू' म्हणजे तूं. समवयस्क विद्यार्थी एकमेकांस सर्रास 'दू' म्हणतात. पण अनोळखी वृद्धास तसें म्हणणें उद्धटपणाचें ठरतें. हा भेद इंग्रजी 'यू'स ठाऊक नाहीं, आपल्या घरांतील पोरासही ठाऊक आहे.

तेथें रविवारीं बहुतेक दुकानें बंद असतात. तेव्हां शनिवारच्या बाजारास लागणारीं चार वाक्यें तरी येथेंच, घरच्यांसमोर मोठ्यानें म्हणून, पाठ करावीं.