शंभर टक्के अचूक, पण कोणत्या गाईसाठी?

ब्रिटनमधल्या एका पशुरोग प्रयोगशाळेत मी पशुवैद्य म्हणून बरीच वर्षे काढली. गाईचे डोके टेबलावर आले की कवटीच्या मागच्या भोकातून लांब दांड्याचा चमचा आत सरकवायचा, मेंदूच्या देठाभोवती फिरवायचा आणि देठ अलगद ओढून काढायचा. बीएसईची, म्हणजे ‘मॅड काऊ’ रोगाची जलद चाचणी या देठाच्या लहानशा तुकड्यावर होते. तुकडा वाटून त्यात प्रथिने पचवणारे विकर घालतात. मेंदूतले प्रिऑन नावाचे प्रथिन निरोगी असेल तर पचून जाते, रोगाने बिघडलेले मागे उरते आणि तेच चाचणीत पकडले जाते. काही तासांत निकाल हाती येतो.

ही चाचणी उत्तम आहे. तरीही ‘तपासलेले मांस म्हणजे सुरक्षित मांस’ हे मला मान्य नाही.

1999 मध्ये युरोपीय आयोगाने चार चाचण्या पारखल्या. त्यांतल्या तीन चाचण्यांना शंभर टक्के गुण मिळाले. पण नमुने कोणते होते? एकीकडे लक्षणे दिसून निदान पक्के झालेल्या ब्रिटनच्या गाई, दुसरीकडे बीएसई कधीच न आढळलेल्या न्यूझीलंडच्या गाई. खरा पेच या दोन्हींच्या मधल्या जनावरांचा आहे. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला सरासरी चार-पाच वर्षे लागतात आणि मेंदूत रोग सापडतो तो शेवटच्या काही महिन्यांत. त्याआधी कापलेल्या बाधित जनावराचा निकालही ‘निगेटिव्ह’च येणार. शिवाय उन्हाळ्यात गोठ्यात मरून पडलेल्या गाईचा मेंदू पातळ झालेला असतो. त्यात देठ कुठला, हेच कळत नाही.

मांस खाणाऱ्याला या रोगापासून वाचवले ते दोन उपायांनी: मेंदू, पाठीचा कणा असे धोक्याचे अवयव काढून टाकणे आणि जनावरांच्या खाद्यात हाडामांसाची भुकटी घालण्यावर बंदी. चाचणीचे काम पहाऱ्याचे. मे 2024 मध्ये स्कॉटलंडच्या एअरशायरमध्ये बीएसईची गाय सापडली ती मेलेल्या जनावरांच्या नेहमीच्या तपासणीत. कोवळ्या, धडधाकट जनावरांच्या सरसकट चाचण्यांवर पैसा ओतण्यापेक्षा तो मेलेल्या आणि आजारी गुरांच्या तपासणीवर खर्च व्हावा. चाचणी मंजूर करतानाही वय, रोगाचा टप्पा आणि नमुन्याची अवस्था यांनुसार तिची अचूकता वेगवेगळी जाहीर करावी.

भारताला 2010 पासून बीएसईचा ‘नगण्य धोका’ असलेला देश हा दर्जा आहे. तो टिकवायचा तर आपलाही पहारा जागता हवा. आपल्याकडे अडखळणारी, बिथरलेली गाय पिसाळली असे धरून पुरली जाते. अशा गाईच्या मेंदूची रेबीजसाठी तपासणी व्हावी आणि रेबीज नसेल तर तोच नमुना बीएसईसाठीही तपासावा. त्याचा खर्च शेतकऱ्यावर पडता कामा नये. नाहीतर तो कळवणारच नाही.