लॅपटॉप घेताय? आधी कामाला विचारा

फ्रीज किती लिटरचा घ्यायचा हे आपण घरातली माणसे मोजून ठरवतो. कपाट घ्यायचे तर आधी भिंत मोजतो. लॅपटॉप घेताना मात्र मोजमाप बाजूला राहते आणि दुकानदाराने पुढे केलेला, नाहीतर शेजारच्या मुलाने घेतलेला, तोच आपणही घेऊन येतो. पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास आणि अधूनमधून एखादा सिनेमा एवढाच उपयोग असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. पण घरात कोणी चित्रे काढत असेल, लग्नपत्रिका सजवत असेल, गाण्याचे ध्वनिमुद्रण किंवा व्हिडिओचे संकलन करत असेल, तर चुकीचा लॅपटॉप पहिल्याच महिन्यात अडून बसतो. हप्ते मात्र वर्षभर चालूच राहतात.

असे काम घरी बसून करणाऱ्या कितीतरी स्त्रिया आज आहेत. कोणी साड्यांच्या छपाईसाठी नक्षी करून देते, कोणी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते, कोणी बारशाचे आणि मुंजीचे व्हिडिओ जोडून देते. त्यांच्या वाट्याला बहुधा मुलाने वापरून झालेला जुना लॅपटॉप येतो. तो घरघर करतो, फाइल उघडायला पाच मिनिटे घेतो आणि ऐन गर्दीच्या वेळी बंद पडतो. मग घरातले म्हणतात, 'तुला ते जमत नाही.' खरे तर जमत नसते ते यंत्राला!

आधी कागद, मग दुकान

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहा. कोणते सॉफ्टवेअर वापरता? आजवरची सर्वांत मोठी फाइल केवढी होती? काम एकाच टेबलावर होते की लॅपटॉप घेऊन फिरावे लागते? आणि त्याला काय काय जोडावे लागते? कॅमेऱ्याचे कार्ड, मायक्रोफोन, प्रिंटर, चित्रे काढण्याची पाटी, सगळे लिहा. हा कागद हातात असला की विक्रेत्याच्या बोलण्याला तुम्ही भुलणार नाही.

फाइलचा आकार कसा वाढतो ते पाहा. ए-4 आकाराचे पान छपाईसाठी इंचाला 300 ठिपके या हिशेबाने केले, तर त्यात सुमारे 87 लाख ठिपके येतात. छपाईच्या चार रंगांत त्याचा एक थर सुमारे 35 एमबी जागा घेतो. पत्रिकेत गणपती, तोरण, किनार, पार्श्वभूमी असे 30 थर झाले की हिशेब एक जीबीवर जातो. हेच 18 बाय 24 इंचांचे पोस्टर असेल तर एकच थर दीडशे एमबीच्या पुढे जातो.

ध्वनिमुद्रणाला जागा त्या मानाने कमी लागते. चांगल्या प्रतीचा एका मायक्रोफोनचा तासभराचा आवाज अर्ध्या जीबीत मावतो. व्हिडिओ मात्र खादाड! सेकंदाला 100 मेगाबिट या गतीने केलेले तासाभराचे चित्रीकरण 45 जीबी जागा खाते. लग्न दोन कॅमेऱ्यांनी पाच तास टिपले, तर साडेचारशे जीबी एका लग्नातच संपतात.

ओटा आणि कोठी

रॅम आणि साठवण यांत अनेकांचा गोंधळ होतो. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. साठवण म्हणजे कोठीची खोली, सामान तिथे भरून ठेवायचे. रॅम म्हणजे ओटा, प्रत्यक्ष काम तिथे होते. कोठी कितीही मोठी असली तरी ओटा वीतभर असेल तर पुरणपोळीचा घाट घालता येत नाही. दर वेळी एक भांडे उचलून दुसरे ठेवावे लागते. लॅपटॉप 'अडकतो' तो बहुधा याच कारणाने.

फोटोशॉप बनवणारी अ‍ॅडोबी कंपनी किमान 8 जीबी रॅम सांगते आणि शिफारस 16 जीबीची करते. सर्जनशील कामासाठी नवा लॅपटॉप घेताना 16 जीबीच्या खाली उतरू नका. मोठ्या व्हिडिओंचे किंवा त्रिमितीय चित्रांचे काम नेहमीचे असेल तर 32 जीबी घ्या.

आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: 'यात रॅम पुढे वाढवता येते का?' बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच डाख देऊन पक्की केलेली असते. तिथे आज जेवढी घ्याल तेवढीच कायमची. अशा यंत्रात सुरुवातीलाच जास्त रॅम घेणे शहाणपणाचे.

साठवण एसएसडी प्रकारचीच हवी. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे ती वेगवान असते आणि प्रवासातल्या हादऱ्यांनाही पुरते. चित्रकामाला 512 जीबी पुरेल. व्हिडिओला एक टीबी घ्या आणि झालेली कामे बाहेरच्या डिस्कवर हलवत जा.

प्रोसेसरच्या बाबतीत नुसते 'आय फाइव्ह' किंवा 'आय सेव्हन' ऐकून निर्णय घेऊ नका. जुन्या पिढीच्या आय सेव्हनपेक्षा नव्या पिढीचा आय फाइव्ह सरस ठरू शकतो. इंटेलच्या नावात शेवटी 'यू' असेल तर तो कमी वीज खाणारा, 'एच' असेल तर जड कामाचा. चित्रे, पत्रिका, आवाज यांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. व्हिडिओ आणि त्रिमितीय कामाला त्याचा उपयोग होतो, पण वजन, उष्णता आणि किंमत तिन्ही वाढतात.

पडदा डोळ्यांनी पाहा

माहितीपत्रकात ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ती गोष्ट म्हणजे पडदा. रंगाचे काम करणाऱ्याला तीच सर्वांत महत्त्वाची. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत अनेकदा '45 टक्के एनटीएससी' असे छापलेले असते. अशा पडद्यावर लाल फिका दिसतो आणि आमसुली व मोरपंखी यांची छटाच हरवते. तुम्ही पडद्यावर रंग गडद करत जाता आणि छापून आले की भडक! मग गिऱ्हाईक पैसे कापते.

रंगांची एक सर्वमान्य मर्यादा 'एसआरजीबी' या नावाने ओळखली जाते. मायक्रोसॉफ्ट आणि एचपी यांनी ती 1996 मध्ये मांडली. पडदा तिचे जवळजवळ 100 टक्के रंग दाखवत असेल तर निर्धास्तपणे घ्या. उजेड निदान 300 निट्स असावा आणि पडदा 'आयपीएस' किंवा 'ओलेड' प्रकारचा असावा.

सोपी परीक्षा अशी. घरातल्या पैठणीचा एखादा चांगला फोटो पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. दोन-तीन लॅपटॉपवर तोच फोटो उघडा. समोरून, बाजूने, वरून पाहा. बाजूने पाहताच रंग बदलला, तर पडदा तुमच्या कामाचा नाही. मात्र पडदा कितीही चांगला असला, तरी तो उजेडाचे रंग दाखवतो आणि छापखाना शाईचे रंग लावतो. मोठ्या कामाची एक नमुना-प्रत आधी छापून पाहावीच.

वजन पाठीला विचारा

ऑस्बॉर्न नावाचा 'हलवता येणारा' संगणक 1981 मध्ये बाजारात आला तेव्हा त्याचे वजन सुमारे 11 किलो होते आणि पडदा होता पाच इंचांचा. आज 14 इंची लॅपटॉप साधारण दीड किलोच्या आत-बाहेर मिळतो. दुकानात वजन विचारताना चार्जरचेही विचारा. जड कामाच्या लॅपटॉपचा चार्जर कधीकधी विटेएवढा असतो. लोकलने किंवा बसने रोज जाणाऱ्या मुलीसाठी अर्धा किलोचा फरक लहान नाही. काम बहुतेक घरीच होत असेल तर मात्र 15 किंवा 16 इंची पडदा डोळ्यांना सुखाचा.

विमानाने जाणाऱ्यांनी बॅटरीची क्षमता पाहून ठेवावी. 100 वॉट-अवरपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये सहज नेता येते. म्हणूनच मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या बहुधा 99 वर थांबतात.

आपल्याकडच्या हवेचाही विचार हवा. अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचे तापमान 35 अंशांपर्यंत सांगते. नागपूरचा मे महिना त्याहून दहा अंश पुढे असतो! अशा दिवसांत जड काम सकाळी किंवा रात्री करा. लॅपटॉप गादीवर ठेवून काम करू नका, खालची हवेची भोके बुजतात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

मॅक की विंडोज?

हा वाद घरोघरी रंगतो. उत्तर पुन्हा कामातच आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये अ‍ॅपलने एम-1 चिपचे लॅपटॉप आणले. कमी विजेत, कमी गरम होऊन जड काम करणे हा त्यांचा गुण. पडदाही चांगला असतो. पण त्यांची रॅम नंतर वाढवता येत नाही आणि किंमत जास्त असते. विंडोजमध्ये निवड मोठी आणि दुरुस्ती गावोगावी होते.

आपल्याकडच्या अनेक छापखान्यांत कोरलड्रॉ चालते. ते 2019 पासून मॅकवरही मिळते. तरी जुन्या देवनागरी टंकांचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजचेच असते. म्हणून ज्या छापखान्यात काम पाठवता, तिथे एकदा विचारून घ्या. खर्च आवरायचा असेल तर क्रिटा, गिम्प, इंकस्केप, ब्लेंडर आणि ऑडॅसिटी ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. डाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्तीही मोफत मिळते.

जुनाच सुधारावा का?

प्रत्येक वेळी नवा घ्यावा लागतोच असे नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, जागा असेल तर रॅम वाढवा. चार-पाच वर्षे जुना लॅपटॉप यामुळे पुन्हा चालता होतो आणि खर्च नव्याच्या थोड्याच हिश्शात भागतो.

मात्र एक अट आहे. विंडोज 10 ला मिळणारी नियमित मोफत मदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि 'टीपीएम 2.0' ही सुरक्षेची सोय लागते. तुमच्या लॅपटॉपमध्ये ती नसेल, तर त्यावर फार पैसा घालू नका. तसेच पडदाच निकृष्ट असेल, तर रॅम वाढवून रंग सुधारत नाहीत.

दुसऱ्याने वापरलेला घेणार असाल तर बॅटरीचा अहवाल मागा. मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांतला फरक त्यात दिसतो. बिजागऱ्या, कळा आणि सगळी खाचे तपासा. बिल नसेल तर सौदा करू नका.

बिऱ्हाड हलवताना

नवा लॅपटॉप आला की उत्साहात जुना लगेच कोणाला देऊ नका. महिनाभर दोन्ही ठेवा. अनेकींची वर्षांची मेहनत याच घाईत पुसली जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम लक्षात ठेवा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. एक लॅपटॉपमध्ये, एक डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठवणीत, इतके पुरे.

मराठीत काम करणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत केलेली पत्रिका नव्या यंत्रावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरच महत्त्वाच्या कामांच्या पीडीएफ करून ठेवा आणि टंकांच्या फाइली सोबत घ्या. टंकांच्या सॉफ्टवेअरला जोडायचे 'लॉक' असेल तर ते नव्या यंत्रावर चालते का, हे खरेदीपूर्वीच त्या कंपनीकडे विचारा.

पैशाचे गणित

हातातला सगळा पैसा यंत्रात घालू नका. समजा 70 हजार रुपये आहेत. साठ हजारांपर्यंतचा लॅपटॉप पाहा आणि दहा हजार बाजूला ठेवा. बाहेरची डिस्क, चांगली पिशवी, माउस किंवा चित्रांसाठी पेन-पाटी त्यातून येते. विद्यार्थ्यांना मिळणारी सवलत आणि दसरा-दिवाळीची सूट विचारात घ्या, पण सूट आहे म्हणून कमी रॅमचा घेऊ नका. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी असतो. तुमच्या व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तो क्रमांक लिहून घ्या. तुमच्या गावात सेवा केंद्र आहे का, की बिघाड झाल्यावर लॅपटॉप मोठ्या शहरात पाठवावा लागेल, हेही आधीच विचारा.

शेवटची गोष्ट दुकानात मिळत नाही. लॅपटॉप कोणाचा, हे घरात आधी ठरवा. जिच्या कामासाठी तो घेतला, तिला दुपारी मुलाचा खेळ संपण्याची आणि रात्री सगळ्यांचे सिनेमे होण्याची वाट पाहावी लागत असेल, तर 32 जीबी रॅमही तिला वेगवान करणार नाही. तिचा स्वतंत्र पासवर्ड, तिचे टेबल आणि तिची वेळ ठरलेली असू द्या. शिलाईयंत्रावर बसलेल्या बाईला कोणी 'जरा ऊठ, मला खेळायचंय' असे म्हणत नाही. लॅपटॉपवर बसलेल्या बाईचेही काम तितकेच खरे आहे.