करडईच्या तेलाला विष म्हणण्याआधी



गेले काही महिने आपल्या ग्रुपवर एकच संदेश फिरतो आहे. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेलं म्हणजे विष. त्यांतलं लिनोलेइक आम्ल अंगात सूज आणतं, हृदय बंद पाडतं. तेव्हा सगळी तेलं टाकून द्या आणि फक्त तूप खा. खाली हात जोडलेले, आणि अकरा जणींना पाठवा अशी विनंती. मला तो सात वेळा आला. आता माझं उत्तर ऐका, जरा कडक वाटलं तरी.

हे आम्ल म्हणजे तेला-तुपातल्या स्निग्धाचाच एक घटक. आपलं शरीर तो स्वतः बनवू शकत नाही, अन्नातूनच घ्यावा लागतो. हे 1929-30 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या पती-पत्नींनी दाखवलं. स्निग्धांश नसलेल्या आहारावर ठेवलेल्या उंदरांची कातडी खवल्यांसारखी झाली, वाढ खुंटली, शेवटी ते मेले. ज्यांना लिनोलेइक आम्लाचे काही थेंब मिळाले ते सुधारले. मुक्या जीवांवरच्या प्रयोगांबद्दल लिहिताना मला बरं वाटत नाही. पण त्या जिवांच्या मोलाने जे कळलं, ते निदान उलटं करून तरी सांगू नये. पुढे तान्ह्या बाळांतही तेच दिसलं. ज्या दुधात हे आम्ल फार कमी होतं, त्यावर वाढणाऱ्या बाळांची त्वचा कोरडी पडून सोलवटायची आणि ते दिल्यावर बरी व्हायची. अंगातलं पाणी त्वचेतून उडून जाऊ न देणारा जो थर असतो, तो बांधायला हेच लागतं. ज्याच्यावाचून कातडी धड राहत नाही त्याला विष कसं म्हणायचं?

संदेशात सिडनीच्या अभ्यासाचं नाव आहे. तो अभ्यास खरा आहे. 1966 ते 1973 या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या 458 पुरुषांपैकी निम्म्यांना करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारीन दिलं. जुनी आकडेवारी पुन्हा तपासून 2013 साली निकाल छापला, तो असा: करडईच्या गटात 17.6 टक्के दगावले, दुसऱ्या गटात 11.8 टक्के. हा आकडा मी लपवणार नाही. पण संदेशात पुढचं काहीच नाही. ते सगळे आधीच हृदयरोगी होते, सगळे पुरुष होते, आणि दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी सुमारे 15 टक्के त्यांना अशा स्निग्धातून देण्याचं ठरलं होतं. शिवाय त्या काळच्या मार्गारीनमध्ये आणखी काय होतं, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

आता वहीचं दुसरं पान. 2014 साली 13 अभ्यास एकत्र केले, त्यांत तीन लाख दहा हजारांवर माणसं होती. लिनोलेइक जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार 15 टक्क्यांनी कमी आणि त्याने होणारे मृत्यू 21 टक्क्यांनी कमी दिसले. हे नुसतं निरीक्षण आहे, तेल खाणारे कदाचित चालतही जास्त असतील, हेही लक्षात ठेवा. सुजेचं म्हणाल तर 2012 साली 15 प्रयोगांचा आढावा निघाला. निरोगी माणसांत हे आम्ल वाढवून सूज वाढल्याचा पुरावा त्यात सापडला नाही. कागदावर लिनोलेइकपासून सूज आणणारे पदार्थ बनतात खरे, पण प्रत्यक्ष शरीरात ते रूपांतर फार थोडं होतं.

मी कॉमर्सची. जमेची बाजू दाखवून नावेची झाकणारा मुनीम मला चालत नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो. म्हणून डब्यावर लाल हृदय छापणाऱ्यांनाही मी सोडत नाही. मिनेसोटातच 9,423 जणांवर मक्याच्या तेलाचा प्रयोग झाला होता. कोलेस्टेरॉल उतरलं, मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्याची पूर्ण आकडेवारी लोकांसमोर यायला 2016 उजाडलं! (आणि डब्यावर मोठ्या अक्षरात करडई असली तरी मागची बारीक अक्षरं वाचा, आत बहुतेक वेळा मिश्रण असतं.)

आता आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने अशा स्निग्धाचं प्रमाण कॅलरींच्या 5 ते 10 टक्के सांगितलं आहे. 1,800 कॅलरी खाणाऱ्या बाईला ते 10 ते 20 ग्रॅम झालं. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक असतं, म्हणजे एका मोठ्या चमच्यात 10 ग्रॅम आलंच. पण चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल आणि तो सगळा करडईचा असेल, तर माणशी जवळजवळ 29 ग्रॅम होतं. म्हणजे आपण सिडनीच्या गटाशेजारीच जाऊन बसलो. प्रश्न डब्याच्या आकाराचा आहे बायांनो, आणि त्याबद्दल संदेशात एक अक्षर नाही.

तूप सात्त्विक आणि तेल तामसी, असं धर्माचं नाव घेऊन सांगणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. रसपरित्यागातले सहा रस आठवा: दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ. तूप आणि तेल एकाच पंगतीला बसले आहेत. सोडायचे तर दोन्ही सोडायला सांगितलं आहे, एकाला पूजून दुसऱ्याला फेकायला नाही. उगाच शास्त्राला तेलाच्या भांडणात ओढू नका.

खरी काळजी वेगळीच आहे. लिनोलेइकचं एक भावंड आहे, ओमेगा तीन. दोघांचं पुढचं रूपांतर शरीरात एकाच यंत्रावर होतं, त्यामुळे एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला जागा मिळत नाही. परदेशी लेखक इथे मासे सुचवतात. आपल्याला जवस आहे, अक्रोड आहे. जवस मंद भाजून, मिरची, जिरं, कढीपत्ता घालून चटणी करा. लसणाशिवाय छान होते. कारळ्याची चटणी चवीला चांगली, पण तिच्यात पुन्हा लिनोलेइकच जास्त, तेव्हा तिने जवसाची जागा भरत नाही.

आणि तळण. लिनोलेइक तापवलं की लवकर मोडतं आणि मग मात्र त्यातून खरंच घातक पदार्थ तयार होतात. दुकानदारांसाठी 2018 पासून सरकारी नियम आहे, तळणाच्या तेलात खराब झालेला भाग 25 टक्क्यांच्या वर गेला की ते वापरायचं नाही. आपल्या ओट्याखालच्या, पाच वेळा गाळलेल्या तेलाला कोण तपासतं? पारण्याच्या पुऱ्या त्यातच, दिवाळीची शेवही त्यातच. माझ्याकडे करडई फोडणीला आणि चटणीवर घ्यायला असते. तळायला शेंगदाण्याचं तेल, तेही छोट्या कढईत, आणि उरलेलं दोन दिवसांत भाजीत संपतं.