‘घाण सवय’ म्हणून सोडून देऊ नका

कनेरगाव नाक्याच्या भागात बायकांच्या बैठकीत खाण्याचा विषय निघाला की कुणीतरी तोंडाला पदर लावून सांगतेच : मला माती आवडते, मला पाटीवरची पेन्सिल. घरात याला ‘घाण सवय’ म्हणतात. पण अनेकदा ती अंगातले लोह कमी झाल्याची खूण असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तपांढरी आढळली. सगळ्यांच्या मागून उरलेसुरले जेवणारीला माती गोड लागते यात नवल ते काय!

माती आतडी अडवू शकते. केस त्याहून वाईट. ते पचत नाहीत. जठरात त्यांचा गोळा होतो, कधी त्याची शेपटी आतड्यात उतरते. १९६८ साली डॉक्टरांनी या विकाराला परीकथेतल्या लांब केसांच्या रापुन्झेलचे नाव दिले. (यात परीकथेसारखे काय दिसले कोण जाणे.) रुग्ण बहुतेक मुली आणि तरुण स्त्रिया. पोट दुखते, उलट्या होतात, वजन घटते; जठराला भोकही पडू शकते. आणि आपल्याकडे कुमारिकेचे पोट जरा वर दिसले की दवाखान्याच्या आधी संशय घरात येतो. मग ती दुखणे सांगेल कुणाला?

मोठा गोळा शस्त्रक्रियेनेच निघतो. पण ती केस का खाते हे कुणी विचारलेच नाही, तर तो पुन्हा होऊ शकतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यासाठीच आहे. मुलीला घरी सोडतानाच्या कागदावर समुपदेशनाची तारीख लिहून मागा. आणि त्या भेटीत घरच्यांना थोडा वेळ बाहेर बसवा.