काच, चौकट आणि आतली माणसे

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस हे आमच्या धंद्याचे दिवस. धंदा म्हणतो ते आपले गमतीने; आजवर त्यात पैसे गेले तेवढेच, आले काही नाही. या पंधरा दिवसांत घरोघर साफसफाई निघते, माळे झाडले जातात, भिंती पुसण्यासाठी तसबिरी खाली उतरतात आणि त्यांतल्या निम्म्या पुन्हा वर चढत नाहीत. चौकटीला वाळवी लागलेली असते आणि आत बसलेल्या गृहस्थांना ओळखणारे घरात कोणी उरलेले नसते. मग चौकटीचे लाकूड बंबात जाते, काच धड असली तर ती देवाच्या तसबिरीला लागते आणि गृहस्थ रद्दीत जातात. त्या दिवसांत मी अंबाजोगाईतल्या रद्दीच्या दुकानांवरून सकाळ-संध्याकाळ फेऱ्या घालतो. दुकानदारांना माझी सवय झाली आहे. मला पाहिले की ते नुसते बोटाने कोपरा दाखवतात.

मी जमवतो ती एकोणिसाव्या शतकातल्या खेळांची छायाचित्रे. मुख्यतः क्रिकेट, आणि हाती लागले तर पोलोही. हे ऐकल्यावर माणसे प्रथम माझ्याकडे आणि मग आमच्या सौभाग्यवतींकडे पाहतात. माझ्याकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत कुतूहल असते, तिकडे पाहताना कणव.

वास्तविक यात वेड लागण्यासारखे नवे काही नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या विटीदांडूची आणि क्रिकेटची सोयरीक झाली असती तर असेच काहीसे अपत्य झाले असते. त्या खेळाच्या जुन्या चित्रांसाठी तिकडे भले भले लोक घर गहाण टाकायला निघतात. न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या खेळसाहित्याच्या दुकानाने १८६९-७० च्या सुमारास सिनसिनाटीच्या संघाचे छायाचित्र आपल्या जाहिरातीच्या कार्डावर छापले आणि फुकट वाटले. आज ते कार्ड कोणाकडे निघाले तर वर्तमानपत्रात बातमी येते. होनस वॅगनर नावाच्या खेळाडूचे सिगारेटच्या पाकिटातले चिटुकले चित्र १९०९ सालचे; त्याची एक प्रत २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला गेली. हा आकडा मी घरात अजून सांगितलेला नाही.

तिकडचा स्पाल्डिंग हा आधी खेळाडू आणि मग खेळसाहित्याचा मोठा व्यापारी. १८८८-८९ मध्ये त्याने बेसबॉलचे दोन संघ घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑस्ट्रेलिया झाले, कोलंबोला एक सामना झाला आणि तिथून बोट सरळ मिसरकडे वळली. त्या संघांनी स्फिंक्सच्या अंगाखांद्यावर चढून काढून घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. हिंदुस्थान तेवढा वाटेत सुटला, म्हणून तो खेळ आपल्या भिंतींवर नाही. स्पाल्डिंगचा संग्रह १९२१ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला मिळाला आणि पुढे १९७० च्या दशकात त्यातली कितीतरी छायाचित्रे चोरीला गेली. संग्रह करणारा एक, सांभाळणारा दुसरा आणि लांबवणारा तिसरा, ही रीत सातासमुद्रापलीकडेही आहे, एवढे समाधान!

आपल्याकडे या खेळाची पहिली पानगळ पारशांच्या अंगणातली. त्यांचा ओरिएंटल क्लब मुंबईत १८४८ साली निघाला. १८८६ मध्ये त्यांचा संघ विलायतेला गेला, अठ्ठावीस सामने खेळला आणि त्यांतला एक जिंकला. एखाद्याने हाय खाल्ली असती. पण दोनच वर्षांनी ते पुन्हा गेले. या खेपेला आठ सामने जिंकले आणि डॉक्टर मेहेल्लाशा पावरी यांनी एकट्याने १७० गडी बाद केले. पुढे जानेवारी १८९० मध्ये व्हर्नन साहेबाचा विलायती संघ मुंबईला आला, त्याला पारशांनी चार गडी राखून हरवले. या मंडळींची सामूहिक छायाचित्रे म्हणजे आमच्या छंदातले हिरे. शापूरजी सोराबजींचे १८९७ चे पुस्तक, पावरींचे १९०१ चे आणि फ्रामजी पटेलांचे १९०५ चे, एवढी तीन पुस्तके ज्याच्या कपाटात आहेत त्याच्याशी मी वाद घालत नाही. विलायतच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकाने १८९७ च्या ऑगस्टमध्ये रणजितसिंहांचे रंगीत चित्र छापले होते. ते शिळाछापाचे असल्याने अजून मिळते आणि मध्यमवर्गीयाच्या खिशालाही फार जड जात नाही. नवशिक्याने तिथून आरंभ करावा.

जुनी छायाचित्रे पाहिली की वाचक हमखास विचारतात, “हे सगळे असे चेहरे पाडून का बसले आहेत? सामना हरले होते की काय?” तसे नव्हे. १८५१ नंतर जी ओल्या काचेची पद्धत आली तिच्यात काचेवर रसायन ओतायचे, ते ओले आहे तोवरच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात नेऊन धुवायचे. तेवढ्यात कितीतरी सेकंद निश्चल राहावे लागे. हसू तेवढा वेळ टिकत नाही; करून पाहा. धावणारा फलंदाज घ्यायचा तर धुक्यासारखा डाग उमटे. म्हणून सगळे बसलेले, टेकलेले किंवा उगाच बॅट रोखून पुतळ्यासारखे उभे. १८५९ साली विलायतचा पहिला संघ अमेरिकेला निघाला तेव्हा बोटीच्या दोरखंडांपाशी त्यांचे चित्र घेतले, त्यातही सारे खिळल्यासारखेच आहेत. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा सर्रास झाल्या तेव्हा कुठे माणसाला श्वास घेण्याची मुभा मिळाली.

आणि तो कागद! त्या काळचा छायाचित्राचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात या कामासाठी रोज हजारो अंडी फुटत. म्हणजे आपल्याकडच्या ज्या ज्या सोवळ्या पणजोबांनी १८८५ साली शालजोडी पांघरून हौसेने तसबीर काढून घेतली, ते सारे अंड्यावर उमटलेले आहेत. ही माहिती मी एकदा एका श्राद्धाच्या पंगतीत दिली. तेव्हापासून त्या घरचे बोलावणे येत नाही.

हा कागद पातळ, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवीत. भिंग लावले तर कागदाचे तंतू दिसतात आणि उजळ भाग जुन्या तुपासारखा पिवळसर झालेला असतो. नंतरच्या सरसाच्या कागदावर काळ्या जागी पाऱ्यासारखी चमक येते. आणि भिंगाखाली बारीक बारीक टिंबांची रांगोळी दिसली, तर ते छायाचित्र नव्हे. ते कोठल्या तरी पुस्तकातले छापील चित्र आहे, असे समजून दुकानाच्या पायऱ्या उतराव्यात.

मागे मी अशाच पायऱ्या उतरलो. एका मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याने माझ्यासाठी म्हणून एक चीज राखून ठेवली होती. साडेसहा इंची पुठ्ठा, कडा सोनेरी, पाठीवर छायाचित्रकाराची नक्षीदार मुद्रा, आणि खाली पेन्सिलीने लिहिलेले नाव: पळवणकर बाळू. किंमत ऐकून मी खुर्चीवर बसलो. बाळूंचा जन्म १८७६ चा. कोवळ्या वयात पुण्यात पारशांच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर त्यांनी काम केले. पुढे साहेबांच्या क्लबात मैदान राखणे, जाळी बांधणे आणि साहेबांना तासन् तास गोलंदाजी करणे हे त्यांचे काम. ग्रेग साहेब आपल्याला बाद केल्याबद्दल दर खेपेस आठ आणे देई, असे सांगतात. फलंदाजी मात्र कोणी करू दिली नाही. ते साहेबांचे काम! हिंदूंच्या संघाला त्यांच्या डावऱ्या हाताची गरज लागली तेव्हा चांभाराच्या पोराला संघात घेतले, पण त्याचा चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. याच बाळूंनी १९११ साली विलायतेत शंभराहून अधिक गडी बाद केले. त्यांचे पुण्याच्या त्या पहिल्या दिवसांतले खरेखुरे छायाचित्र निघाले तर मी दागिने मोडायलाही तयार आहे (दागिने आमच्या घरात कोणाचे, हा प्रश्न वेगळा). मी भिंग लावले. टिंबांची रांगोळी! पुठ्ठा अस्सल होता, मुद्रा अस्सल होती, फक्त त्यावरचे मूळचे कोणी बापडे सोलून काढून तिथे पुस्तकातले कात्रण डकवले होते. मला राग आला तो त्या सोललेल्या बापड्यासाठी.

नाव ही या छंदातली सर्वांत महाग वस्तू आहे. चित्र तेच, खाली नाव असले तर दहापट मोल. म्हणून तर पेन्सिली चालतात. आणि नावे कोणाची लिहिलेली असतात? खुर्चीवर बसलेल्यांची. मैदान झाडणाऱ्या बाळूसारख्यांची कोण लिहितो?

माझ्याजवळ आमच्याच गावचे एक छायाचित्र आहे. निजामशाहीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि इथे हैदराबाद काँटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली ती फौज हिंदी लष्करात विलीन झाली आणि काळाच्या ओघात छावणीही गेली. छावणी म्हटली की पोलो आणि क्रिकेट आलेच. माझ्या पुठ्ठ्यावर इंग्रजीत ‘मोमिनाबाद, १८९६’ एवढे लिहिले आहे. चौदा माणसे आहेत. त्यांत अकरा साहेब, प्रत्येकाच्या पायाखाली आद्याक्षरांसकट नाव. मागे दोन साफेवाले स्वार. आणि डाव्या कडेला अनवाणी, दोन्ही कवेत बॅटी धरलेला एक माणूस, थोडा फिकटलेला. छायाचित्रकाराची मुद्रा नाही. हे पाहून जाणते लोक लगेच राजा दीनदयाळांचे नाव घेतात. दीनदयाळ निजामांचे छायाचित्रकार, काँटिन्जंटच्या छावण्या आणि हैदराबादचे पोलोपटू त्यांनी टिपलेले आहेत, त्यांच्या अडीच हजारांवर काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी कला केंद्रात आहेत, हे सगळे खरे. पण मुद्रा नाही म्हणजे नाही. मी तिथे पेन्सिल लावणार नाही.

गेल्या वर्षी एक सधन हौशी गृहस्थ मोटार घेऊन परळीमार्गे आले. चित्र पाहून खूश झाले. आमच्या घराच्या छपराचे काम निघेल एवढी रक्कम त्यांनी बोलून दाखवली. पाहुण्यांसाठी चहा ठेवणारी सौभाग्यवती दारातच थबकली. मग गृहस्थ म्हणाले, “कडेचा हा माणूस फिकट झाला आहे. तेवढी पट्टी कापली की चौकट सुरेख बसेल.” पुढे ते चित्र परदेशातल्या मुलाकडे धाडण्याचे बोलू लागले. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी माणसाने देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, एवढे मी आठवण म्हणून सांगितले. त्यावर त्यांनी चहाची स्तुती केली. चित्र घरातच राहिले आणि छपरावर पावसाळ्यापुरते प्लास्टिक आले. त्यानंतर घरात जे बोलणे झाले ते इथे देत नाही.

त्याच सुमारास आमच्या मागच्या आळीतल्या एक आजी नातवाचा दाखला भरून घ्यायला आल्या होत्या. चित्र टेबलावर होते. त्यांनी चश्मा सावरला आणि म्हणाल्या, “मास्तर, हे तर आमच्या घरचे हैत. कान बघा की.” नातू शेजारीच उभा होता. कान खरोखर तसेच, सुपासारखे बाहेर. त्यांच्या सासरचे कोणी छावणीत मोतद्दार होते, साहेबाचे घोडे फिरवायचे आणि चेंडूही आणून द्यायचे, एवढे घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले. नावही त्यांनी सांगितले. आता कान म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळते. पण याच गावाने दासोपंतांची पासोडी चारशे वर्षे जपली. कापडाच्या त्या लांबलचक पटाखाली कोणी छापील पावती जोडलेली नव्हती, घरच्यांनी सांगितले आणि सांभाळले म्हणून ती राहिली.

“आजी, चित्रावर काही लिहीत नाही,” मी म्हटले, “पण पाकिटावर लिहितो.” जुन्या छायाचित्रावर शाई, डिंक, चिकटपट्टी काही लावू नये, आम्लरहित कागदाचे पाकीट करावे, जे लिहायचे ते पाकिटावर, मऊ पेन्सिलीने, आणि चित्र आत घालण्यापूर्वी. त्याप्रमाणे लिहिले: ‘डावीकडून पहिले — घरच्यांच्या सांगण्यावरून’ आणि पुढे ते नाव, तारीख, सांगणाऱ्या आजींचे नाव. उद्या कोणाला खोटे ठरवायचे असेल तर त्याने खुशाल ठरवावे.

नातवाने मोबाइलवर चित्राची प्रत काढून घेतली होती. दसऱ्याला त्यांच्याकडे सोने द्यायला गेलो तर भिंतीवर ती मोठी करून, नव्या चौकटीत, झेंडूची माळ घालून लावलेली. पोराने कात्री बेधडक चालवली होती. स्वार नाहीत, साहेब नाहीत, नुसते आपले पणजोबा, कवेत बॅटी घेऊन. उजव्या कोपऱ्यात कोणा एका साहेबाच्या बुटाचे टोक तेवढे राहून गेले आहे.